चप्पल निसटते, ते आधी बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. वडील, म्हणजे आप्पा, वय ५४, चोपडा तालुक्यात शेती, कापूस आणि थोडी केळी. पाच आठवड्यांपूर्वी फवारणीचा पंप पाठीवर घेताना कंबरेत चमक भरली आणि तिसऱ्या दिवसापासून डाव्या पायात पार पंजापर्यंत कळ. एमआरआय काढला, चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी फाटून डावीकडे बाहेर आलीय. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी तीन महिने पलंगावरून उठूच नका म्हटलं, आणि आत्या म्हणते मणक्याला हात लावू देऊ नका, गावातला एक जण ऑपरेशन करून कायमचा लंगडा झाला. तुम्ही पुण्यात नोकरीला, तिथून विचारताय की करावं का, न्यूरोवाल्याकडे जावं की हाडवाल्याकडे, पुण्याला आणावं का, आणि पाय कायमचे जातात का.

आता गंमत बघा. रिपोर्टबद्दल तुम्ही पंधरा ओळी लिहिल्यात, खालचं इंप्रेशन अख्खं उतरवून काढलंय, आणि अगदी शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीय: चार दिवसांपासून दुखणं जरा कमी आहे, फक्त डावी चप्पल चालताना निसटून जाते आणि त्यांच्या लक्षातही येत नाही. मी बावीस वर्षं मणक्याचंच काम करतोय, शिकलो मुंबईत, राहतो जळगावला. तुमच्या सगळ्या प्रश्नात मला कामाची ओळ ही एकच दिसली.

म्हणून आधी चप्पल. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी बाजूला सरकली की बहुतेक वेळा जी नस दाबली जाते ती पावलाला आणि अंगठ्याला वर उचलणारी असते. तिला नुसती चीड आली असेल तर पाय ठणकतो, मुंग्या येतात, रातभर माणूस कण्हतो. पण दाब फार झाला की ती नस हळूहळू गप्प बसते, आणि गप्प बसली की दुखणं पण कमी होतं! घरच्यांना वाटतं चला, आराम पडला, औषध लागू झालं. आणि इकडे पंजा खाली लोंबायला लागलेला असतो. चालताना पाऊल आपटतं, उंबऱ्याला अडखळतं, चप्पल मागे राहते. दुखणं कमी आणि ताकद पण कमी, ही जोडी मला ओरडणाऱ्या पेशंटपेक्षा जास्त घाबरवते. ओरडणाऱ्याची नस निदान जिवंत आहे एवढं तरी कळतं.

हे तपासायला मशीन लागत नाही. आज संध्याकाळी फोन करून घरात कुणाला तरी सांगा. आप्पांना भिंतीला हात लावून उभं करायचं आणि दहा पावलं टाचेवर चालायला सांगायचं, चवडे वर उचलून. उजवा चवडा वर राहतो आणि डावा खाली टेकतो का ते बघायचं. मग खुर्चीवर बसवून दोन्ही पायांचे अंगठे आकाशाकडे करायला सांगायचं आणि समोरच्याने एकेका बोटाने अंगठा खाली दाबून बघायचा. आम्ही ओपीडीत हेच करतो, अंगठ्याच्या नखापाशी बोट ठेवून. शेतकऱ्याचा उजवा अंगठा मला हलवता येत नाही इतका दणकट असतो आणि डावा लोण्यासारखा खाली जातो, तेव्हा पेशंट स्वतःच दचकून पायाकडे बघतो, आँ, हे कधी झालं? ताकदीला आम्ही ० ते ५ मार्क देतो. ५ म्हणजे पूर्ण, ३ म्हणजे पाऊल वजनाविरुद्ध उचलता येतं पण बोटाचा दाब सहन होत नाही, ३ च्या खाली म्हणजे पंजा पडला.

४ मार्क असतील तर थोडं थांबून, दर आठवड्याला तपासत बघता येतं. ३ किंवा त्याखाली असेल आणि ते चार दिवसांतलंच असेल तर मी थांबा म्हणणार नाही, या आठवड्यात दाब काढा म्हणेन. नेमक्या किती तासांत केलं की ताकद परत येते यावर आमच्यात अजून वाद आहेत, पण पडलेला पंजा दोन महिने तसाच ठेवला तर परत यायची आशा कमी होते यावर मी कुणाला फारसं भांडताना पाहिलं नाही. म्हणून सांगतो, फोनवर मत विचारत बसू नका, कुणीतरी पायाला हात लावून बघायला हवं.

आणि एक गोष्ट लाज न धरता विचारा. लघवी अडकते का, थेंब थेंब होते का, किंवा झालेली कळत नाही का? संडासच्या जागेभोवती, सायकलची सीट जिथे लागते तिथे बधिर वाटतं का? यातलं एक जरी असेल तर हे सगळं वाचणं सोडा, १०८ बोलवा किंवा गाडी करा आणि जिथे एमआरआय आणि मणक्याचं ऑपरेशन दोन्ही होतं अशा ठिकाणी रातोरात न्या. तिथे तासांचा हिशोब असतो. आपल्याकडची माणसं, त्यातून बायका, हे सांगतच नाहीत. एक आजी तीन दिवस लघवी तुंबून बसली होती, घरी सांगितलं का नाही विचारलं तर म्हणे सुनेला कसं सांगू.

आता समजा अंगठा ठणठणीत निघाला, चप्पल जुनी आणि ढिली होती म्हणून निसटत होती. असंही होतं राव. मग माझं उत्तर पूर्ण उलटं आहे, मग घाई नको.

गादी म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. खापरावरचे मांडे आठवा. बाहेर पातळ पदर, आत पुरण. वयानुसार पुरण कोरडं पडतं, पोळी जरा फुगून बाजूला येते, त्याला रिपोर्टमध्ये बल्ज लिहितात. पदर फाटून पुरण बाहेर आलं तर एक्स्ट्रूजन, आप्पांचं ते आहे. ऐकायला हे जास्त भयंकर वाटतं, पण बाहेर पडलेला तुकडा शरीराच्या पेशींना सापडतो आणि त्या तो हळूहळू खाऊन टाकतात. नुसता फुगलेला बल्ज आहे तसाच राहतो आणि फाटून बाहेर आलेला मोठा तुकडा बऱ्याच जणांत काही महिन्यांत आपोआप आकसतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. मी स्वतः सहा महिन्यांनी परत काढलेल्या फिल्मा पाहिल्यात, तुकडा कुठं गेला म्हणून शोधत बसायची वेळ येते.

आणि तो सगळ्यांच्या तोंडचा 'मणक्यात गॅप' शब्द. खानदेशात दर दुसरा पेशंट हाच शब्द घेऊन येतो, डॉक्टरसाहेब गॅप पडनी म्हणे. गॅप पडत नाही हो, उलट गादी झिजून गॅप कमी होते. पण तो शब्द इतका रुळलाय की आता मी पण भांडत नाही.

रिपोर्टला किती मान द्यायचा तेही सांगतो. २०१५ मध्ये एक मोठा आढावा छापून आला, ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा तीन हजारांवर माणसांच्या स्कॅनचा. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६. बल्ज पन्नाशीच्या ६० टक्के लोकांत. यातलं कुणीही दुखतंय म्हणून आलेलं नव्हतं! म्हणजे चोपड्याच्या बाजारात उभं राहून पन्नाशीची दहा धडधाकट माणसं पकडली आणि एमआरआयमध्ये घातली तर पाच-सहा जण बल्जचा रिपोर्ट घेऊन बाहेर येतील आणि त्या रात्री झोपणार नाहीत. ऑपरेशन फिल्मचं करायचं नसतं. फिल्ममधली गादी, पायातली कळ आणि तपासणीतली नस, तिन्ही एकाच ठिकाणी बोट दाखवत असतील तरच चाकूचं बोलायचं.

थांबलं तर काय होतं यावर मला आवडतो तो नेदरलँडचा २००७ चा अभ्यास. २८३ माणसं, सगळ्यांना ६ ते १२ आठवड्यांची पायातली जोरदार कळ. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना गोळ्या, व्यायाम आणि वाट बघा, नाहीच जमलं तर नंतर ऑपरेशन. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर थांबली, यात वाद नाही. पण वर्षाअखेर दोन्हीकडे साधारण ९५ टक्के बरे. वाट बघणाऱ्यांतल्या ३९ टक्के लोकांना मध्येच ऑपरेशन करून घ्यावं लागलं हेही लक्षात ठेवा, म्हणजे वाट बघणं फुकट नसतं, तेवढे महिने कळ काढावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांना पाऊल वजनाविरुद्ध उचलताच येत नव्हतं त्यांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं. लोक 'नव्वद टक्के आपोआप बरे होतात' एवढंच वाचतात आणि पडलेला पंजा घेऊन घरी बसतात. तो आकडा त्यांचा नाहीच. म्हणून मी चप्पलपासून सुरुवात केली.

पलंगावर तीन महिने? नको. १९८६ मध्येच अमेरिकेत कंबरदुखीच्या पेशंटना दोन दिवस आराम आणि सात दिवस आराम असं वाटून बघितलं होतं, फायद्यात फरक नाही, उलट दोन दिवसवाले लवकर कामाला लागले. जोराची कळ असेल तर दोन-तीन दिवस पडा, मग घरात, ओट्यावर, गल्लीत थोडं थोडं चाला. वाकून उचलणं बंद, पंप बंद, मोटारसायकल बंद, ट्रॅक्टरवर तर बसूच नका. फार वेळ बसू पण नका, बसल्यावर गादीवरचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त असतो आणि पुढे वाकून बसलं तर आणखी.

यावरूनच पुण्याचं. चोपड्याहून पुण्याला रात्रभर ट्रॅव्हल्सच्या सीटवर बसवून आणणार असाल तर आणूच नका. आणायचंच तर जळगावहून रेल्वेने, खालचा बर्थ, आडवं करून. पण एका गादीच्या ऑपरेशनसाठी आता जिल्हा सोडायची गरज उरलेली नाही, जळगाव, धुळे, नाशिकला हे रोजचं काम आहे. मानेच्या अगदी वरच्या दोन मणक्यांचं काही असतं तर मीच मुंबईला जा म्हटलं असतं, तिथे सवय आणि हात दोन्ही जास्त. त्या सांध्याला स्क्रू-प्लेटने बांधायची जी पद्धत जगभर वापरतात ती मुळात केईएमच्या डॉ. अतुल गोयल यांची, १९९४ ला छापून आली. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगितलं.

न्यूरो की ऑर्थो. हा प्रश्न मला महिन्यातून दहादा येतो, आणि काही पेशंट तर रागावून येतात, मला डोक्याचं काही नाही तरी डोक्याच्या डॉक्टरकडे का धाडलं म्हणून. अहो, मेंदूपासून निघालेली दोरी मणक्यातूनच खाली जाते, तिच्या नसा आम्हा न्यूरोवाल्यांच्याच. गादी फाटून नस दाबते आणि त्यामुळे पायात कळ येते हे ज्या लेखाने जगाला पटवलं तो १९३४ चा, बोस्टनचा, आणि तो लिहिणारे दोघे होते, मिक्स्टर आणि बार. एक न्यूरोसर्जन, एक हाडांचा सर्जन. तेव्हा भांडण तिथेच मिटलंय. तुम्ही पाटी बघू नका, विचारा की तुम्ही फक्त मणका किती करता, महिन्यात अशी किती ऑपरेशनं होतात, आणि त्यातल्या किती जणांना परत टेबलावर घ्यावं लागलं. जो डॉक्टर या शेवटच्या प्रश्नावर चिडतो त्याच्याकडून दुसरं मत घ्यायला निघा.

ऑपरेशन म्हणजे काय करतात तेही एकदा ऐका म्हणजे आत्याला समजावता येईल. पालथं झोपवतात, एक्सरे मशीनखाली मणका मोजतात. हे मोजणं मी दोनदा करतो, कारण काही माणसांत शेवटचा मणका माकडहाडाच्या वरच्या हाडाला चिकटलेला असतो आणि मोजणी एकाने चुकते. मग इंच-दीड इंचाची चीर, मायक्रोस्कोप, हाडाचा छोटा तुकडा काढून वाट करायची, नस हळूच बाजूला धरायची, आणि खाली पांढरं, शिजलेल्या खेकड्याच्या मांसासारखं दिसणारं ते पुरण. चिमट्याने धरलं की कधी कधी एकदम करंगळीएवढा तुकडा बाहेर येतो आणि इतका वेळ ताणलेली नस सैल पडते. बाविसाव्या वर्षी पण तो क्षण बघायला मला आवडतं. १९७७ पासून मायक्रोस्कोपने हे होतंय, नवीन काही नाही. दुर्बिणीचं, म्हणजे एंडोस्कोपीचं, नेदरलँडमध्येच सहाशेच्या वर पेशंटवर तुलना करून २०२२ मध्ये छापलं, पायाच्या कळीच्या बाबतीत ते मायक्रोस्कोपपेक्षा कमी नाही. तेव्हा हात ज्याचा ज्यात बसलाय त्यात करू द्या, 'बिनटाक्याचं लेसर' अशा जाहिरातीवर जाऊ नका. आणि एका साध्या फाटलेल्या गादीला कुणी स्क्रू-रॉड सांगत असेल तर का ते नीट विचारा. मणका हलतोय का, हे वाकून आणि ताठ उभं राहून काढलेल्या साध्या एक्सरेत दिसतं. हलत नसेल तर लोखंड कशाला?

पाय कायमचे जातात का? मेरुदंडाची मुख्य दोरी पहिल्या-दुसऱ्या कंबरेच्या मण्यापाशीच संपते. त्याखाली सुट्या नसा, घोड्याच्या शेपटीसारख्या. आप्पांचं काम त्याच्या कितीतरी खाली आहे, तिथे दोन्ही पाय लुळे पडायची भीती नसते म्हटलं तरी चालेल. एका नसेला इजा, नसेच्या आवरणाला छिद्र, जंतुसंसर्ग, हे धोके आहेत, थोडे आहेत, पण आहेत. आणि शंभरात पाच ते दहा जणांची तीच गादी परत फाटते. गावातल्या त्या माणसाचं मला माहीत नाही, पण असे 'ऑपरेशनने लंगडे' मी बरेच तपासलेत. जुने कागद काढले की दिसतं, पंजा ऑपरेशनच्या आधी दोन-तीन महिने पडलेला होता. मधला वेळ कुठं गेला? मालिशवाला, बिब्बा, आणि पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाची लाथ. उसण भरली असेल तर लाथेने काही बिघडत नाही, दोन दिवसांत ती तशीही जाते. फाटलेल्या गादीवर लाथ म्हणजे कमाल आहे.

माझी पण एक चूक सांगतो, नाहीतर मी फार शहाणा वाटेन. नोकरीच्या पहिल्या वर्षात एका मोठ्या दवाखान्यात सातपुड्याकडची एक बाई आली होती, पाठ दुखते, रात्री जास्त दुखते. फिल्ममध्ये झीज दिसली, मी झीज लिहून गोळ्या दिल्या. वजन घटलंय का, संध्याकाळी ताप येतो का, हे विचारलंच नाही. दोन महिन्यांनी तिला उचलून आणली, मणक्याचा टीबी, दोरीवर पू. ऑपरेशन केलं, टीबीच्या गोळ्या वर्षभर चालल्या, ती चालायला लागली, पण तिच्या नवऱ्याने तेव्हा विचारलं की साहेब आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा का नाही दिसलं, त्याला मला काही उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ताप आणि वजन विचारल्याशिवाय मी पेन उघडत नाही. आप्पांना यातलं काही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

गोळ्यांचं जास्त लिहीत नाही. फक्त ती जी 'नसांची गोळी' म्हणून प्रीगाबालिन सगळ्यांना मिळते, २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात २०९ पेशंटवर तपासली तेव्हा सायटिकात, म्हणजे नस दाबून येणाऱ्या याच पायातल्या कळीत, ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त. आप्पांना गुंगी येत असेल तर तेही एक कारण असू शकतं. मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्याला विचारून कमी करा.

ऑपरेशन झालंच तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. शेतात फेरफटका महिन्याभरात. पण पंप कधी, केळीचा घड कधी, याला मला पुस्तकात सरळ उत्तर मिळालेलं नाही. सोळा लिटरचा पंप भरला की सोळा किलो पाणी अधिक पंप, आणि तो जमिनीवरून वळून एका खांद्यावर घ्यायचा, गादीला याहून वाईट हालचाल सुचत नाही. मी एक वही ठेवलीय, प्रत्येक पेशंटचा दुखण्याचा आकडा आधी, सहा आठवड्यांनी आणि वर्षाने. वर्षाचा फोन वेचणीच्या हंगामात पडला की कुणी उचलत नाही, म्हणून निम्मे रकाने रिकामे आहेत. जे भरलेत त्यावरून माझा नियम असा, तीन महिने पंप नाही, आणि नंतर पंप बांधावर किंवा ओट्यावर कंबरेच्या उंचीला ठेवून, पाठ लावून, दोन्ही पट्टे अडकवून मगच उठायचं. बिडी ओढत असतील तर ती पण सोडायला लावा, गादीला रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असतो.

पैशाचं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि दवाखान्यातल्या महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर आधी विचारा की हे ऑपरेशन या ठिकाणी बसतं का. भरती झाल्यावर विचारलं की घोळ होतो.

तर आज संध्याकाळी टाचेवर चालवून बघा आणि मला दोनच गोष्टी कळवा, डावा चवडा वर राहिला का, आणि लघवी नीट होते का. चवडा टेकला तर उद्या सकाळी एमआरआयच्या फिल्मा घेऊन निघायचं, नुसता रिपोर्टचा कागद नको, फिल्मा. आणि त्या गोल गुंडाळून रबर लावू नका, मागच्या आठवड्यात एकाने तशा आणल्या, लाईटबॉक्सवर सपाट धरायला दोन माणसं लागली.